मदत हवी आहे: बॅग झुलते, पण क्रॉसमध्ये जोर येत नाही

नमस्कार मंडळी,

बॉक्सिंग शिकायला लागून आठ महिने झाले. वय ३१, वजन ७४ किलो, उजवा हात मागे ठेवून उभा राहतो. त्याआधी चार वर्षं जिममध्ये वजनं उचलत होतो, त्यामुळे खांदे-दंड बऱ्यापैकी भरलेले आहेत. ठोशात आपोआप जोर येईल असं मी धरून चाललो होतो.

अडचण अशी: माझा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) बसला की सरावाची टांगलेली बॅग झोपाळ्यासारखी मागे जाते आणि परत येते. आवाज नुसता ‘धप्प’. शेजारच्या बॅगवर एक मुलगी सराव करते, वजन फार तर ५२-५३ किलो. तिचा क्रॉस बसला की बॅग जागच्या जागी दचकते, मधोमध खड्डा पडतो आणि वरची साखळी खणकन वाजते. बॅग झुलत जवळजवळ नाहीच. रोज तो आवाज ऐकतो आणि खरंच कळत नाही की ती असं काय वेगळं करते.

सर सांगतात, “हाताने मारू नकोस, कंबरेने मार.” कंबर फिरवायला गेलो की तोल पुढे जातो. तिसऱ्या फेरीपर्यंत खांदे भरून येतात आणि हल्ली उजवं मनगट वरच्या बाजूने दुखतं.

काल मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं. उजवी टाच ठोसा बसेपर्यंत जमिनीला चिकटलेली असते. कोपर बाहेर निघतं. आणि ठोसा सुटण्याआधी मूठ चार बोटं मागे जाते, हे तर मला आजवर माहीतच नव्हतं. यातलं आधी काय सुधारू? आणि कंबर फिरवायची म्हणजे नेमकं काय करायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १:
दोन गोष्टी सांगा. मूठ कधी आवळता, सुरुवातीपासून की बसताना? आणि ठोसा बसतो तेव्हा कोपर किती वाकलेलं असतं?

धागाकर्ता:
मूठ पहिल्यापासून घट्टच असते. कोपर पाहिलं. बरंच वाकलेलं असतं, आणि हात पुरता सरळ होतो तो बॅग मागे गेल्यावर.

प्रतिसाद २:
मग उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. तुम्ही बॅगला मारत नाही, ढकलता. फार जवळ उभे राहता, हात अर्ध्यात असतानाच बॅग लागते आणि उरलेला अर्धा प्रवास तिला रेटण्यात जातो. तोच जोर जास्त वेळात वाटला गेला की झोका मिळतो, कमी वेळात उतरला की धक्का मिळतो. त्या मुलीची बॅग दचकते ती यामुळे. वीतभर मागे सरका आणि बसल्याबरोबर मूठ त्याच वाटेने हनुवटीपाशी परत आणा.

आता कंबर. बहुतेकांची चूक अशी की सांगितलं म्हणून टाच फिरवतात, नुसती सिगारेट विझवल्यासारखी. टाच फिरवायची नसते, ती फिरते. उजव्या चवड्याने जमीन मागे रेटा, त्या रेट्याने उजवी कंबर पुढे येते, कंबरेमागून खांदा येतो, खांद्यामागून हात. टाच उचलली जाते ती या ओढीमुळे. हात आधी सुटला तर पायांचा जोर पोचेपर्यंत ठोसा संपलेला असतो.

तोल पुढे जातो कारण डावा पाय थांबवत नाही. भालाफेक करणारा शेवटचं पाऊल कसं रोवतो ते आठवा. पुढचा पाय ब्रेक लावतो, म्हणून वरचं अंग त्याभोवती झपकन फिरतं. डावा गुडघा पुढे घसरत राहिला तर फिरण्याऐवजी तुम्ही नुसते बॅगवर झुकता. नाक डाव्या गुडघ्याच्या पुढे जाता कामा नये, एवढंच लक्षात ठेवा.

प्रतिसाद ३:
माझ्या मते डेडलिफ्ट आणि स्क्वॉट हे पाय-कंबरेचे वजनाचे व्यायाम वाढवा. ताकदच नसेल तर तंत्र काय करणार?

प्रतिसाद २:
ताकद हवीच, पण यांची अडचण ती नाही. १९८०च्या दशकात सोव्हिएत अभ्यासकांनी १२० बॉक्सरांच्या सरळ ठोशाची तपासणी केली होती. मुरलेल्या बॉक्सरांच्या जोरात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के निघाला, नवख्यांमध्ये जेमतेम १६-१७. नवख्यांमध्ये हाताचा वाटा मुरलेल्यांपेक्षा जास्त होता. यांची चार वर्षांची कमाई शरीरात आहे, ती मुठीपर्यंत पोचत नाही एवढंच.

मूठ पहिल्यापासून आवळण्याबद्दल: आवळलेला स्नायू हाताला ब्रेक लावतो. २०१० मध्ये शरीराच्या हालचालींचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांच्या गटाने मिश्र मार्शल आर्ट्सच्या अव्वल खेळाडूंचे स्नायू ठोसा मारताना कधी आवळतात ते मोजलं. त्यांना दोन झटके दिसले, एक सुटताना आणि एक बसताना, मध्ये स्नायू सैल. पहिला वेग देतो. दुसऱ्याने अंग ताठ होतं आणि एकट्या हाताऐवजी सगळ्या धडाचं वजन ठोशामागे उभं राहतं. तुमचे खांदे भरून येतात ते मधला सैलपणा नसल्यामुळे. बसताना तोंडाने ‘श्श’ करून श्वास सोडा, दुसरा झटका आपोआप जुळतो.

प्रतिसाद ४:
मनगटाकडे दुर्लक्ष करू नका. कोपर बाहेर गेलं की मूठ तिरकी बसते आणि मनगट दुमडतं. तर्जनी आणि मधल्या बोटाची गाठ आधी लागली पाहिजे, आणि त्या गाठी, मनगट, कोपर एका रेषेत हव्यात. करंगळीकडची बाजू आपटत राहिली तर तळहाताचं हाड मोडू शकतं, त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ असं नावच आहे. हँडरॅपचे (ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्टीचे) मनगटावर दोन वेढे जास्त घ्या, आठवडाभर बॅगवर अर्ध्या जोरानेच मारा. तरी दुखलं तर डॉक्टरांना दाखवा.

कोपरासाठी भिंतीला उजवा खांदा जवळजवळ टेकवून शॅडो बॉक्सिंग करा, म्हणजे हवेतच ठोसे मारा. कोपर बाहेर गेलं की भिंत लागते. मूठ मागे खेचायची सवयही आरशासमोर सावकाश मारूनच जाईल. ती जायलाच हवी, कारण समोरच्याला तुमचा ठोसा आधीच कळतो.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी):
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला आठवडा बॅगला हातच लावला नाही, फक्त भिंत आणि आरसा. मनगट आता दुखत नाही. परवा चौथ्या फेरीत, दमून खांदे पडलेले असताना, एक क्रॉस असा बसला की हाताला काही जाणवलंच नाही आणि साखळी वाजली. मी तिथेच थांबलो. नंतरच्या वीस-पंचवीस ठोशांत तसा अजून एकच बसला. शूटिंग पाहिलं तर त्या दोन्ही वेळी डावा गुडघा जागचा हलला नव्हता आणि बाकी सगळ्या वेळी घसरला होता.

आता डाव्या हुकमध्येही (कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा) हाच ब्रेक उजव्या पायाने लावायचा का? तिथे वजन उलट दिशेने जातं, म्हणून गोंधळ होतो आहे.

प्रतिसाद २:
हो, उजव्या पायानेच. हुकच्या आधी वजन डाव्या पायावर असतं, क्रॉस मारून झाल्यावर ते तिथे आलेलंच असतं. म्हणून आधी एकटा हुक नका मारू, क्रॉस-हुक जोडीनेच मारा. शूटिंग टाका, पाहून सांगतो.