मदत हवी: कोळशाच्या ट्रकने दादाला उडवलं, मालक पाचशेच्या स्टॅम्पवर सही मागतोय

धाकटा, मारेगाव तालुका

नमस्कार. रविवारी हो की नाही सांगायचं आहे, म्हणून घाईत लिहितोय.

माझा मोठा भाऊ, वय ३८. पाच एकर कोरडवाहू, सगळं तोच पाहतो. मी वणीला दुकानात कामाला. २७ नोव्हेंबरला कापसाचा चुकारा घेऊन तो मोटारसायकलने घरी येत होता. दिवस मावळला होता. आमच्या फाट्यावर वळताना मागून आलेल्या कोळशाच्या ट्रकने धडक दिली. मांडीचं हाड आणि नडगी दोन्ही तुटली. ग्रामीण रुग्णालयातून चंद्रपूरला नेलं, खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं, मांडीत रॉड टाकला. आतापर्यंत १ लाख ८५ हजार गेले. वहिनीची पोत गहाण आहे. वावरात कापूस फुटून लोंबतोय आणि वेचायला बाया मिळत नाहीत.

ट्रक पोलीस ठाण्यात उभा आहे. मालक आपल्याच तालुक्यातला. तो स्वतः आला नाही, दोन ओळखीची माणसं पाठवली. ६० हजार रोख देतो म्हणतो. कागदाचा फोटो मी काढून घेतलाय. त्यात लिहिलंय, "सदर अपघात माझ्याच चुकीमुळे झाला असून चालक, मालक व विमा कंपनी यांच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही व भविष्यात राहणार नाही." दादाचं नाव आधीच टाईप केलेलं. खाली सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारलेली.

आलेली माणसं बाबांच्या उठण्याबसण्यातली, त्यांना नाही म्हणायला बाबांची जीभ उचलत नाही. ते म्हणतात, कोर्टात वर्षानुवर्षं जातात, हाती येतं ते घ्या.

दुसरी अडचण एफआयआरची. फिर्याद देणारा माणूस धडकेनंतर तिथे पोचलेला. त्याने "मोटारसायकल अचानक वळल्याने" असं सांगितलंय. दादाचा जबाब अजून कोणी घेतलेला नाही. दादा ठामपणे सांगतो की इंडिकेटर चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाट्यावर गेलो तर मागच्या इंडिकेटरचे केशरी तुकडे डांबराच्या कडेला पडले होते. मी ते पिशवीत भरून घरी आणले. चुकलं का माझं? आणि दादाच्या लायसन्सची मुदत ऑगस्टमध्येच संपली होती, हेल्मेटही नव्हतं. यावरून आमचा दावा उडवतील का?

ज्यांनी हे भोगलंय किंवा ज्यांना कायदा कळतो त्यांनी कृपया सांगा.

कारंज्याची ताई

भाऊ, सही करू नका. बाकीचं नंतर वाचा, आधी हे घरी सांगा.

२०२२ मध्ये माझ्या मिस्टरांना ट्रकने मागून ठोकलं होतं. आमच्याकडेही अशीच माणसं आली, चहा प्यायली, "वहिनी, आपसात मिटवा" म्हणाली. आम्ही सही दिली नाही, दावा टाकला. वेळ लागला हे खरं, पण पुढची दोन ऑपरेशनं त्याच पैशांत भागली.

माझी चूक वेगळीच झाली, ती तुम्ही करू नका. औषधांच्या दुकानाची बिलं गुळगुळीत कागदावर मिळतात ना, ती मी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. दोन वर्षांनी वकिलाच्या टेबलावर काढली तर निम्म्या बिलांवरची अक्षरं उडून गेलेली. नुसते पांढरे कागद. आजच सगळ्या बिलांची झेरॉक्स काढा आणि दुकानदाराचा शिक्का घ्या. चंद्रपूरला नेलेल्या गाडीचं भाडं, वावरात दादांच्या जागी लावलेल्या माणसाची मजुरी, हेही तारखेसह वहीत लिहा आणि ज्याला पैसे दिले त्याची सही घ्या. कोर्टात मजुरीचा प्रश्न हमखास निघतो.

वकील, यवतमाळ

सविस्तर लिहितो.

सहीचा कागद म्हणजे चुकीची कबुली आहे. पुढे विमा कंपनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात (अशा दाव्यांच्या कोर्टात) पहिल्यांदा तोच पुढे करेल. नुकसानभरपाई मालकाच्या खिशातून नाही, ट्रकच्या विम्यातून येते, हे बाबांना समजावून सांगा. त्यांचं संबंध बिघडण्याचं ओझं थोडं हलकं होईल. ट्रकचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाका, विम्याची मुदत तिथेच दिसते. ट्रकचालकाचं लायसन्स खोटं निघालं तरी बहुतेक वेळा कंपनीला आधी जखमीला पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करायला सांगितलं जातं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली, चूक कोणाची हे सिद्ध न करता, गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. म्हणजे ६० हजारांची बोली किती तोकडी आहे बघा. पण अडीच लाखांवरही लगेच झडप घालू नका, कारण ते स्वीकारले की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. १६६ मध्ये चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण रक्कम तुमच्या खऱ्या नुकसानीवर ठरते. समजा, दादांची कमाई महिना १२,००० धरली आणि काम करण्याची ताकद ३० टक्के गेली. वर्षाच्या नुकसानीला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात; ३६ ते ४० वयाला तो १५ आहे. ३,६०० गुणिले १२ गुणिले १५, म्हणजे ६ लाख ४८ हजार. उपचाराचा खर्च आणि वेदनांची भरपाई त्याशिवाय. कमाईसाठी सातबारा, बाजार समितीच्या कापूसपट्ट्या आणि पासबुक जोडा. अपंगत्वाचा दाखला जिल्हा शल्यचिकित्सकांकडून घ्या, पण हाड जुळून पाय स्थिर झाल्यावर. आत्ता धावपळ करू नका.

२०२२ पासून १६६ च्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत कायद्यात आहे. तुमची मुदत मे महिन्यात संपते, पण मार्चच्या पुढे जाऊ नका. तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही दावा चालतो. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, मोफत वकील मिळतो.

एफआयआर काही शेवटचा शब्द नसतो. दादांचा पुरवणी जबाब घ्यावा असा लेखी अर्ज ठाण्यात द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. घेतला नाही तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तुकडे जागेवरच पंचांसमोर जप्त झाले असते तर उत्तम, पण आता अर्जात सगळं खरं लिहून पोलिसांच्या ताब्यात द्या. खरा पुरावा मोटारसायकलच आहे. मागचं मडगार्ड आत दबलंय का? दबलं असेल तर धडक मागून बसली हे ती गाडीच सांगेल. आरटीओ निरीक्षकाची तपासणी होईपर्यंत तिला पाना लावू देऊ नका. शिवाय कोळशाचा ट्रक भरलेला असेल, तर तो कुठल्या तरी धरमकाट्यावरून (ट्रकचं वजन करण्याच्या काट्यावरून) आला असणार. तिथली पावती आणि कॅमेरे लगेच मागवा, जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं.

मुदत संपलेल्या लायसन्सबद्दल दंड होऊ शकतो, पण तेवढ्यावरून अपघात दादांच्या चुकीने झाला असं ठरत नाही. हेल्मेटचा आणि मोडलेल्या पायाचा संबंध नाही.

धाकटा, मारेगाव तालुका

ताई, वकीलसाहेब, दोघांचे मनापासून आभार. तो ६ लाख ४८ हजारांचा हिशेब मी कागदावर मांडून बाबांना दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, रविवारी त्यांच्याशी मीच बोलतो.

मोटारसायकल पाहिली. मडगार्ड चाकाला टेकलंय आणि नंबर प्लेट दुमडून वर गेलीय. अंगणात ताडपत्रीखाली ठेवली आहे. अर्ज उद्या सकाळी ठाण्यात देतो.

एकच अडलंय. धरमकाटा सापडला, पण तिथला माणूस म्हणतो की पोलिसांचं पत्र आणल्याशिवाय कॅमेरा दाखवणार नाही, आणि चित्रण किती दिवस राहतं तेही सांगत नाही. ते पत्र पुरवणी जबाबाच्या अर्जातच मागू, की वेगळा अर्ज द्यावा लागेल?