अंध मित्राला टेकडीवर नेताना

अंध मित्राला पुण्यातल्या वेताळ टेकडीवर न्यायचं तर त्याचा हात धरून चालावं का, असं एकाने विचारलंय. नको, ते ओढत नेल्यासारखं होतं. त्याला तुमचं कोपर धरू द्या. तो अर्धं पाऊल मागे राहतो आणि चढ-उतार त्याला तुमच्या हातातूनच कळतो. वाट अरुंद झाली की तोच हात पाठीमागे न्या, म्हणजे तो बरोबर तुमच्या मागे येईल. नुसतं 'जपून' म्हणून काही कळत नाही. 'खाली, वीतभर' असं सांगा. उतारावर मुरूम सुटा असतो, तिथे पांढऱ्या काठीऐवजी जाड, भक्कम काठी द्या.

काठीला जमिनीवरचं कळतं, तोंडासमोरची बाभळीची फांदी नाही. म्हणून पुढे झाप असलेली टोपी आणि चष्मा हवाच. टेकडीवरच्या दगडखाणीच्या कडेपासून लांब राहा.

आणि कृपया सतत वर्णन करत बसू नका. सालईच्या झाडाची कागदासारखी सुटणारी साल त्याच्या बोटांना लागू द्या, घाणेरीचं पान चुरडून हुंगू द्या. मोर ओरडला की गप्प उभे राहा. फक्त अंगाला लागताच खाज आणणाऱ्या खाजकुइलीच्या शेंगा जवळपास नाहीत ना, हे आधी बघा. गट असेल तर एकास एकच सोबती. दोघांनी धरलं की तिघंही अडखळतात.