मराठवाड्याच्या उन्हात जेल सीट नको

दादा, मे महिन्यात मोटरसायकलवर नांदेडहून संभाजीनगरला जायचंय, सीटवर टाकायला जेलची (आत मऊ, लिबलिबीत जेल भरलेली) गादी घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडच्या उन्हात नको. धाब्यासमोर गाडी अर्धा तास उन्हात राहिली की जेल तापतं आणि लवकर निवत नाही. मी जाळीचं सीट कव्हर वापरतो. खालून वारा खेळतो, घाम साचत नाही. पूर्वी परभणी यायच्या आतच मांड्या भाजून निघायच्या, ते थांबलं. पट्टे मात्र घट्ट आवळा, नाहीतर ब्रेक दाबला की कव्हर सरकतं.

खरा फरक पडला तो मेश जॅकेटच्या (गाडी चालवताना घालायच्या जाळीदार जॅकेटच्या) आत ओला सुती बनियन घातल्यानं. कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं; हवा ४२ वर गेली की वारा अंगाला गार करत नाही, तापवतो. उघड्या हातांनी गाडी चालवणं म्हणूनच वाईट. आपली हवा कोरडी, त्यामुळे बनियनमधलं पाणी उडताना अंग छान थंड राहतं. कोकणच्या दमट हवेत एवढा गुण येत नाही. तासाभरात तो वाळतो, परत भिजवायचा. पाठीवर नळीची २ लिटरची पाण्याची पिशवी हवीच, तहान लागायची वाट बघू नका.

हँडलबार रायझरनं, म्हणजे हँडल उंच करणाऱ्या जोडतुकड्यानं, माझी पाठ वाचली. बसवल्यावर हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून क्लच केबल आणि ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, हे आधी बघा.

तुमची उंची आणि गाडी सांगा, रायझर किती उंच लागेल ते बघू.