धान्यात टाकायची गोळी राहत्या घरात ठेवावी का? आज रात्रीच ठरवायचं आहे

विश्रामबागची_सून

नमस्कार. सांगलीत विश्रामबागेत आमचं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच घर आहे. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरलं, दोन क्विंटल गहू आणि एक क्विंटल शाळू. आज कोठी उघडली तर झाकणाच्या आतल्या बाजूला नुसते सोंडे. शाळू मुठीत घेतला तर किती दाणे पोकळ, बोटांना पीठ लागतंय. किडे भिंतीवरून देवघरापर्यंत पोचलेत, बाळाच्या दुपट्यावरही दोन सापडले. गौरी-गणपतीला घर पाहुण्यांनी भरणार आणि सासूबाईंचा जीव नुसता वरखाली होतोय.

दीर एका दुकानातून दहा गोळ्यांची नळी घेऊन आलेत. म्हणतात, "दोन गोळ्या फडक्यात बांधून कोठीत टाका, सकाळपर्यंत सगळे मेलेले." नळीवर ॲल्युमिनियम फॉस्फाईड असं लिहिलंय, लाल त्रिकोण आणि कवटी आहे. ज्या खोलीत कोठी आहे तिथेच मी, सासूबाई आणि दीड वर्षाचं बाळ झोपतो. नळी अजून फोडलेली नाही. बाहेर झड लागलीय, त्यामुळे ऊन दाखवायची सोय नाही. काय करू?

माणदेशी

आमच्याकडे आटपाडीत सगळे टाकतात. फडक्यात बांधून मधोमध ठेवायची, वर झाकण. वडिलांच्या काळापासून चालू आहे, कुणाला काही झालं नाही. फक्त आठ दिवस ते धान्य खाऊ नका.

गोदामवाला

ताई, नळी फोडू नका. आधी एवढं करा, मग पुढचं वाचा.

माणदेशी दादा, राग मानू नका, पण तुमचा सल्ला असाच राहू दिला तर मला झोप लागणार नाही. माझी सगळी नोकरी गोदामात धुरी देण्यात गेली. हळद, गहू, मका, सगळ्याला हीच गोळी. तिचं काम कसं चालतं ते सांगतो.

किडा मारते ती गोळी नव्हे, तिच्यातून निघणारा वायू. हवेतला ओलावा लागला की गोळी फॉस्फिन सोडायला लागते. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम वायू निघतो. पत्र्याच्या कोठीचं झाकण त्याला अडवत नाही. तो झाकणाच्या कडेने निघतो, दाराखालून जातो, भिंतीच्या भेगेतून शेजारच्या घरातही जातो. शुद्ध फॉस्फिनला वास नसतो. बाजारातल्या गोळीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो खरा, पण झोपलेल्या माणसाला तो जागं करेलच असं नाही, आणि वास येत नाही म्हणजे वायू नाही असंही नाही. या विषावर उतारा नाही. दवाखान्यात श्वास, रक्तदाब, हृदय सांभाळत बसावं लागतं. लहान बाळाला तर फारच थोडा वायू पुरतो.

आम्ही गोदामात काय करायचो? थप्पीवर जाड ताडपत्री टाकायची, कडेला वाळू भरलेल्या लांब पिशव्या दाबून बसवायच्या, दाराला कुलूप आणि धोक्याची पाटी. मग दिवसचे दिवस आत कुणी पाऊल टाकायचं नाही. उघडल्यावर दारं सताड, आणि मापकाने वायू मोजल्याशिवाय हमालांना आत सोडायचं नाही. एवढं सगळं करायचो ते जिथे कुणी राहत नाही अशा जागी. तुमच्याकडे कोठीपासून हातभरावर बाळ झोपतं.

गावाकडे कुणाला काही झालं नाही म्हणता, त्याचं कारण जागेत आहे. कणगी पडवीत असते, वर कौलं, चारी बाजूंनी वारा. विश्रामबागेतल्या घरात पावसामुळे खिडक्या बंद आणि हवा दमट, म्हणजे वायू सुटायला जोर आणि बाहेर पडायला वाट नाही.

आणखी एक. ही गोळी घरगुती वापरासाठी विकायची परवानगीच नाही. सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रणवाले यांनाच ती मिळायला हवी. ३ ग्रॅमच्या दहा-वीस गोळ्यांच्या नळ्या तर २००१ पासून पूर्ण बंद आहेत. दिरांना मिळाली ती विकायलाच नको होती.

आता तुमच्या धान्याचं. सोंडे चावत नाहीत, बाळाला त्यांच्यापासून आजार नाही, म्हणून आज रात्रीची घाई मनातून काढा. खोली झाडून घ्या, कोठीच्या कडा ओल्या फडक्याने पुसा, बाळाला दुसऱ्या खोलीत झोपवा.

तुम्ही सांगलीच्या, म्हणजे हरिपूरची हळदीची पेवं तुम्हाला माहीत असतील. जमिनीत खोल खड्डा, त्यात हळद, तोंड मातीने गच्च बंद. आतली हवा संपली की कीड तगत नाही, औषधाचा कणही लागत नाही. त्या बंद हवेत माणूसही तगत नाही, म्हणून पेव उघडलं की वारं खेळू द्यायचं आणि मगच माणूस उतरवायचा. हीच युक्ती घरात करता येते, माणसाला धोका न होता. हवाबंद साठवणीच्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या मिळतात. धान्य सुपाने पाखडून, बारीक चाळणीने चाळून घ्या. पिशवी तोंडापर्यंत दाबून भरा, वरची हवा काढा, तोंड पीळ देऊन दुमडा आणि सुतळीने आवळा. दोन-तीन आठवडे उघडायची नाही. सोंडे आतली हवा वापरतात आणि गुदमरून मरतात.

पण धान्य कोरडं हवं, नाहीतर आत बुरशी धरेल. ते घरीच पाहता येतं. काचेची कोरडी बरणी घ्या, तिसरा हिस्सा धान्य, वर दोन चमचे कोरडं मीठ, झाकण लावून मिनिटभर हलवा. पंधरा मिनिटांनी बघा. मीठ काचेला चिकटून राहिलं तर धान्य ओलं. सगळं मीठ तळाशी बसलं तर भरायला हरकत नाही.

सणापुरतं लागणारं पाच-सहा किलो निवडून पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. अळी, अंडी सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी बंद असतानाच निवू द्या, नाहीतर दाण्याला पाणी सुटेल.

मिरजेची_सिस्टर

दादांशी पूर्ण सहमत. वाचणाऱ्या इतरांसाठी: कुणी आधीच गोळी टाकली असेल आणि घरात एकदम दोघा-तिघांना मळमळ, ओकारी, डोकेदुखी, छातीत दडपण, धाप असं सुरू झालं तर "काल रात्री बाहेरचं खाल्लं" म्हणत बसू नका. सगळ्यांना घेऊन आधी मोकळ्या हवेत या, शेजाऱ्यांनाही उठवा, १०८ ला फोन करा. गोळी काढायला परत आत जायचं नाही. तोंडाला ओला रुमाल बांधून हा वायू अडत नाही. दवाखान्यात पहिल्याच वाक्यात सांगा, "घरात धान्याची गोळी आहे." तेवढ्याने उपचाराची दिशा बदलते. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र रात्रंदिवस फोन घेतं, १८०० ११६ ११७.

माणदेशी

कणगीचं आणि बंद खोलीचं मी ध्यानात घेतलं नव्हतं. सिस्टर, आठवड्यापूर्वी टाकलेल्या गोळीची राख पडली असेल तर?

गोदामवाला

राखेतही अर्धी जिवंत गोळी असू शकते. हात लावू नका, केराच्या बादलीत नको, मोरीत तर नकोच. पाणी पडलं की वायू एकदम सुटतो आणि पेटही घेतो. दारंखिडक्या उघडून ती जागा सोडा, तालुका कृषी कार्यालयात विचारून परवानाधारक माणूस बोलवा.

विश्रामबागची_सून

दीर आधी चिडले, मग सिस्टरांचं वाचून गप्प झाले. नळी आता बाहेर पत्र्याच्या डब्यात बंद आहे, घरात नाही. उद्या तशीच दुकानात परत देतील. मीठ गव्हाच्या बरणीत तळाला बसलं, शाळवाच्या बरणीत मात्र काचेला चिकटलंय. शाळू वाचेल का?

गोदामवाला

वाचेल. गहू उद्याच भरा. शाळू दुसऱ्या खोलीत सुती चादरीवर बोटभर थर करून पसरा, वर पंखा, दिवसातून दोन-तीनदा हाताने वरखाली करा. ऊन पडलं तर लगेच गच्चीवर न्या. रोज मिठाची बरणी लावून बघा, मीठ सुटं पडलं त्या दिवशी पिशवीत. काळपट किंवा कुबट वासाचा दाणा दिसला तर तेवढा बाजूला काढून टाका, जनावरालाही घालू नका. आणि डब्यावर मोठ्या अक्षरात "विष, पाणी लावू नये" असं लिहून ठेवा, रात्रीतून कुणी उघडायला नको.