मदत हवी आहे: वाडीतले बिडाचे दिव्याचे खांब अख्खे काढून पुन्हा लावायचे आहेत

नमस्कार मंडळी,

गिरगावातली आमची वाडी पुनर्विकासात जाते आहे. पाऊस संपला की पाडकाम सुरू. चौकात बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, दोन जुने दिव्याचे खांब आहेत आणि कंत्राटदार म्हणतो, घण घालून फोडू आणि भंगारात देऊ. सोसायटीच्या सभेत मी हरकत घेतली. खांब अख्खे काढायचे, नव्या इमारतीच्या आवारात उभे करायचे आणि त्यांवर रोज दिवा लावायचा, असं मी मांडलं. सभा म्हणाली, कसं करणार ते लेखी द्या. म्हणून हा धागा.

खांब साधारण दहा फुटी. बुंधा अष्टकोनी, त्यावर पन्हळीदार गोल खांब आणि वर दोन्ही बाजूंना आडवा दांडा. बत्तीवाला त्याला शिडी टेकवून चढायचा. एका खांबाचा अर्धा दांडा तुटला आहे. कंदील कधीच गेले, आता वर नुसती पत्र्याची टोपी आहे. रंगाचा पोपडा निघालाय तिथे चंदेरीखाली हिरवा, त्याखाली काळा आणि तळाला शेंदरी थर दिसतो. बुंध्यावर उठावाची अक्षरं आहेत, पण रंगाने बुजली आहेत. शेवटचा शब्द ‘ग्लासगो’ असावा.

मुंबईत ग्यासचे दिवे पहिल्यांदा लागले ते ऑक्टोबर १८६५ मध्ये. एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडी बाजार या भागांत बत्तीवाला एकेक दिवा लावत पुढे जाई आणि मागून लोकांचा घोळका चाले. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे आले. आमचे खांब यांतल्या कुठल्या काळातले, हे कसं ओळखायचं? जमिनीतून काढायचे कसे? तुटलेला दांडा जोडता येतो का? रंग कसा काढावा? आणि परवानगी कोणाची लागेल? आमच्या आजोबांच्या पिढीने या खांबांखाली बसून अभ्यास केलाय. ते कोणाच्या फार्महाऊसवर शोभेला जाऊ नयेत, वाडीतच राहावेत, असं मनापासून वाटतं.

प्रतिसाद १

आधी अक्षरांचा ठसा घ्या. पातळ कागद लावून त्यावर पेन्सिल आडवी घासायची, रंग खरवडायचा नाही. ग्लासगोची सॅरॅसन फाउंड्री, म्हणजे वॉल्टर मॅकफर्लेन यांचा कारखाना, असलं ओतकाम जगभर पाठवायचा. त्यांचे सचित्र कॅटलॉग उपलब्ध आहेत, नमुना क्रमांक मिळाला तर कंदिलाचा मूळ आकारही सापडेल.

बुंध्याला झाकण आहे का बघा. ते नसेल आणि आत बारीक नळी असेल, तर खांब मूळचा ग्यासचा असण्याची शक्यता जास्त. झाकण आणि आत फ्यूजची जागा असेल तर विजेच्या काळातला, किंवा नंतर बदललेला.

परवानगीबद्दल: शहर भागातल्या रस्त्यांवरचे दिवे बेस्ट सांभाळते. खांब वाडीच्या खासगी जागेत आहेत की रस्त्याच्या हद्दीत, हे आधी नकाशावर पक्कं करा. जागा १९९५ च्या हेरिटेज नियमावलीतल्या यादीत किंवा परिसरात येत असेल, तर पालिकेच्या हेरिटेज समितीलाही अर्ज द्या. बिल्डरकडून ‘खांब सोसायटीच्या मालकीचे’ असं लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर थांबू नका.

प्रतिसाद २

मी ओतकामाच्या धंद्यात आहे, कोल्हापूरला. कळकळीने सांगतो, बीड वाकत नाही, तडकतं. जमिनीलगत कापू देऊ नका. या खांबांचं मूळ दोन-तीन फूट खाली पुरलेलं असतं, चारी बाजूंनी खणून ते मोकळं करा. आधी आतली वायर बंद करून काढून घ्या. उचलताना साखळी नको, नायलॉनचा पट्टा वापरा. आडवा ठेवताना दोन ठिकाणी वाळूच्या गोणी द्या. ट्रकमध्ये आदळला की संपलं. गाडलेला भाग नीट तपासा. वरून धड दिसतो, पण जुनं बीड मातीत सडून पेन्सिलच्या शिशासारखं मऊ होतं आणि नखानेही ओरखडतं. तसं असेल तर तो भाग नव्याने ओतावा लागेल.

दांड्याला साधा वेल्डिंग रॉड लावू देऊ नका, जोडाच्या शेजारीच तडा जातो. निकेलचा रॉड, आधी तापवणं आणि मग राखेत किंवा वाळूत सावकाश थंड करणं, असं करावं लागतं. पितळी ब्रेझिंगही, म्हणजे पितळ वितळवून सांधणं, चालतं. नवा दांडा ओतायचा तर उरलेला अर्धा घेऊन या, इथे उद्यमनगरात पॅटर्नवाले, म्हणजे साच्यासाठी नमुना बनवणारे, आहेत. बीड थंड होताना शंभरात एक भाग आटतं, म्हणून जुन्या तुकड्यावरून थेट साचा घेतला तर नवा लहान येतो. पॅटर्न तेवढा वाढवून करायला सांगा.

प्रतिसाद ३

तो शेंदरी थर बहुतेक शिशाचा आहे. ग्राइंडर लावू नका, धूळ पोरांच्या पोटात जाईल. ओला करून खरवडा, मास्क घाला, निघालेला रंग गोळा करून वेगळा द्या. आधी एका कोपऱ्यातले थर फोटोसाठी तसेच ठेवा, मूळ रंग त्यावरूनच कळतो. लोखंड उघडं पडलं की त्याच दिवशी प्रायमर मारा, मुंबईच्या हवेत रात्रीतून गंज धरतो.

दिवा एलईडी लावा, पण २७०० केल्विनचा पिवळसर. पांढऱ्या उजेडात या खांबांची रयाच जाते. स्वतंत्र अर्थिंग हवंच, पावसात पोरं खांबाला हात लावणार. सभेला काही दाखवायचं असेल तर भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात घेऊन जा. तिथलं बिडाचं काम जीर्णोद्धारानंतर कसं दिसतं ते बघा. त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला होता.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. खांब वाडीच्या हद्दीतच आहेत, सिटी सर्व्हेच्या नकाशात पाहिलं. बुंध्याला झाकण नाही. ठसा रविवारी घेऊन इथे टाकतो. कोल्हापूरच्या दादांना एक विचारायचं आहे: पाडकाम ते नवी इमारत यात तीन-चार वर्षं जाणार, तोवर खांब कुठे आणि कसे ठेवावेत? उभे की आडवे? आणि गिरगाव-दादरच्या आसपास कोणाकडे तेवढी कोरडी जागा असेल तर कृपया कळवा, भाडं सोसायटी देईल.