शिक्षक-प्रशिक्षणात ऑटिझमसाठी व्हीआर: दृश्य कसं बांधावं, आवाज किती ठेवावा?

समावेशक_नाशिक

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी २४ शिक्षकांचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण आहे. हाताशी चार क्वेस्ट २ हेडसेट (डोळ्यांवर घालायची व्हीआरची, म्हणजे आभासी वास्तवाची, उपकरणं) आणि दोन लेन्सचा ३६० अंशी कॅमेरा आहे. ऑटिझम (स्वमग्नता) म्हणजे काय ते शिक्षकांना ‘अनुभवता’ यावं, अशी व्यवस्थापनाची इच्छा आहे. ब्रिटनच्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने २०१६ मध्ये मॉलमधल्या एका मुलाच्या नजरेतून केलेली फिल्म माहीत आहे, पण आमच्या शिक्षकांचा रोजचा संबंध पंखा, ट्यूबलाइट, घंटा आणि मैदानावर चाललेल्या लेझीमच्या सरावाशी. म्हणून आपल्याच वर्गात चित्रण करायचं ठरतंय.

लांबी किती ठेवावी, कॅमेरा कुठे लावावा, आवाजाचं काय करावं? आणि हेडसेट काढल्यावर शिक्षकांच्या मनात नुसती कीव उरू नये, यासाठी काय करावं? ही काळजी सगळ्यात मोठी आहे.

ओटी_ठाणे

काळजी अगदी रास्त आहे. आधी व्यवस्थापनाची अपेक्षा बदलून घ्या. चार मिनिटांत कोणालाही ऑटिझम अनुभवता येत नाही. वर्ग एखाद्या मुलावर किती भार टाकतो, एवढं मात्र नक्की दाखवता येतं.

व्हीआर आणि सहानुभूतीवरच्या अभ्यासांचं एक एकत्रित विश्लेषण २०२१ मध्ये आलं. व्हीआरने भावना हलतात, पण समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय ते ओळखण्याची क्षमता त्याने वाढत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याआधी अमेरिकेत डोळ्यांवर पट्टी बांधून अंधत्वाचा ‘अनुभव’ देणारे प्रयोग झाले. त्यानंतर लोक अंध व्यक्तींना नोकरीसाठी आणि स्वतंत्र राहण्यासाठी कमी सक्षम समजू लागले. कारण सरळ आहे: पट्टी बांधलेल्याला पहिल्या पाच मिनिटांतली धडपड कळते, वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेलं कसब कळत नाही. तुमच्या फिल्मलाही हाच धोका आहे.

त्यावर मला पटलेला उपाय म्हणजे एकच प्रसंग दोनदा दाखवणं. पहिल्यांदा वर्ग जसा आहे तसा. दुसऱ्यांदा तेच मूल, तोच धडा, त्याच बाई, फक्त चार गोष्टी बदललेल्या: खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे, कॉरिडॉरकडचं दार बंद, फळ्याच्या कोपऱ्यात चित्रांचं वेळापत्रक, आणि बाईंची सूचना एका वेळी एकच. दुसऱ्या भागात मूल उत्तर देतं. शिक्षकाला दिसतं की मूल आधीही तेवढंच हुशार होतं, बदलला तो वर्ग. प्रत्येक भाग दोन मिनिटांचा, एकूण चार. याहून लांबवू नका. पहिल्यांदाच हेडसेट घालणाऱ्यांपैकी काहींना सात-आठ मिनिटांत मळमळतं आणि मग लक्षात तेवढंच राहतं.

प्रास्ताविकात डेमियन मिल्टन यांची २०१२ ची ‘दुहेरी सहानुभूती’ची मांडणी जरूर घ्या. ते स्वतः ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ आहेत. न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, ऑटिस्टिक मुलाला बाई कळत नाहीत तेवढंच बाईंना ते मूल कळत नसतं, हा त्यांचा मुद्दा. त्यामुळे शिक्षक लगेच बचावात्मक होत नाहीत आणि चर्चा योग्य जागी सुरू होते.

ध्वनिमिश्रण

आवाजाबद्दल सविस्तर लिहितो, कारण अशा बहुतेक फिल्म आवाजातच फसतात.

हमखास होणारी चूक म्हणजे सगळंच मोठं करणं. त्यातून गोंगाट कळतो, गाळणीची अडचण कळत नाही. बाईंचं बोलणं ऐकताना बहुतेकांचा मेंदू पंख्याची घरघर आपोआप मागे ढकलतो. ती मागे न जाणं दाखवायचं असेल तर आवाजांच्या पातळ्यांमधलं अंतर बदला, एकूण पातळी नको. अमेरिकेच्या एएनएसआय एस१२.६० या मानकात रिकाम्या वर्गाचा पार्श्वआवाज ३५ डेसिबलच्या आत धरलाय, म्हणजे शिक्षकाचं बोलणं त्याच्या किमान १५ डेसिबल वर राहतं. फिल्मची पहिली २० सेकंदं हेच १५ चं अंतर ठेवा. पुढच्या ४० सेकंदांत बोलण्याला हात न लावता पंखा, बाक सरकणं, पेन्सिलीची टकटक, बाहेरची लेझीम एकेक करून वर आणा, अंतर शून्य होईपर्यंत. शून्यावर ऐकायला कष्ट पडतात, उणे ५ च्या आसपास, म्हणजे गोंगाट बोलण्याच्या ५ डेसिबल वर गेला की, शब्द निसटू लागतात. त्याखाली नेलंत तर उरतो फक्त कल्लोळ.

प्रत्येक आवाज त्याच वर्गात वेगळा, जवळून, मोनो रेकॉर्ड करा. कॅमेऱ्याच्या माइकवर विसंबू नका. सगळे आवाज एकात मिसळलेले असले की अंतर बदलता येत नाही. मग रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आयईएमचे मोफत प्लगइन (जोड-प्रोग्राम) घालून प्रत्येक आवाज त्याच्या जागी बसवा: पंखा डोक्यावर, लेझीम डाव्या खिडकीबाहेर, कुजबुज मागच्या बाकावर. पहिल्या श्रेणीचं अँबिसॉनिक (सगळ्या दिशांचा आवाज साठवणारी पद्धत), म्हणजे चार चॅनेल, पुरेसं आहे. एक्सपोर्ट करताना एडिटिंग सॉफ्टवेअर गुपचूप दोन चॅनेलचा स्टिरिओ करून टाकतं. मान वळवली तरी पंखा डोक्याबरोबरच फिरतोय असं वाटलं, तर तेच झालंय, किंवा फाइलमधला अवकाशीय ध्वनीचा मेटाडेटा गळालाय.

हेडसेटचे स्वतःचे स्पीकर उघडे असतात, प्रशिक्षणाच्या खोलीतला खरा पंखा त्यात मिसळतो. कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावा. सगळ्यात मोठा क्षण कानापाशी ८० डेसिबलच्या आत आहे ना ते मीटरने तपासा आणि मास्टरवर (अंतिम मिश्रणावर) लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीवर आवाज रोखणारं साधन, ठेवा. दचकवणारा आवाज एकच हवा: शाळेची घंटा.

३६०_चित्रण

चित्राचं थोडक्यात. प्रेक्षक खुर्चीत बसून पाहणार असेल तर लेन्स जमिनीपासून ११५ सेंटिमीटरवर ठेवा. १६० वर ठेवलीत तर बसलेला माणूस तरंगल्यासारखा वाटतो. पात्रं कॅमेऱ्यापासून किमान एक मीटर दूर आणि एकाच लेन्सच्या समोर हवीत. दोन लेन्सचा जोड कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना येतो आणि तिथून जवळून गेलेल्या माणसाचा हात तुटलेला दिसतो. बारीक एकदांडी स्टँड वापरा. कॅमेरा अजिबात हलवू नका, मळमळीचं पहिलं कारण तेच.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० वर लॉक करा, नाहीतर ट्यूबच्या उजेडात काळे पट्टे सरकताना दिसतील. हे पट्टे ‘इफेक्ट’ म्हणून ठेवण्याचा मोह टाळा, आणि लुकलुक मुद्दाम घालू नका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झपके अपस्माराचा झटका आणू शकतात.

कॅमेऱ्याचं ५.७के रिझोल्यूशन (चित्रातला बारकावा) ऐकायला खूप वाटतं, पण ते पूर्ण गोलावर पसरतं आणि डोळ्यांसमोर एका वेळी त्याचा लहानसा भागच असतो. फळ्यावरची अक्षरं नेहमीच्या दुप्पट आकारात लिहा. खऱ्या विद्यार्थ्यांना बसवू नका. प्रौढ कलाकार घ्या, किंवा मुलं पाठमोरी आणि पालकांच्या लेखी संमतीनेच.

स्वमग्न_प्रौढ

संहिता कोण लिहितंय हे प्रश्नात कुठेच नाही, आणि त्यावरच सगळं ठरतं. चित्रणाआधी किमान तीन ऑटिस्टिक व्यक्तींकडून, मानधन देऊन, संहिता आणि नंतर कच्चं मिश्रण दोन्ही तपासून घ्या. तिघांत एक स्त्री असावी आणि एक बोलण्याऐवजी लिहून किंवा चित्रफलकावर संवाद साधणारी व्यक्ती असावी. तिघांची वर्णनं जुळणार नाहीत. जुळवायला जाऊ नका. एकाचंच वर्णन निवडा आणि सुरुवातीला स्पष्ट सांगा की हा एका मुलाचा वर्ग आहे. त्याच वर्गात दुसऱ्या मुलाला आवाज कमीच पोचत असेल, तिसऱ्याला सगळा त्रास डब्यांच्या वासाचा असेल. वास हेडसेट दाखवू शकत नाही, तो तोंडी सांगा.

धूसर, थरथरणारं चित्र काढून टाका. अनेकांना तपशील उलट जास्त ठळक दिसतात.

पहिला भाग किंचाळण्यावर किंवा टेबलाखाली लपण्यावर संपवू नका. त्याऐवजी हे करा: गोंगाट टिपेला पोचल्यावर मूल बोटांत खोडरबर फिरवायला लागतं आणि ध्वनिमिश्रण सहा डेसिबलने शांत होतं. बाई म्हणतात, “हात खाली.” खोडरबर थांबतं आणि गोंगाट परत येतो. हाताची हालचाल कशासाठी असते हे शिक्षकाला त्या दहा सेकंदांत कळतं, वेगळं व्याख्यान लागत नाही. दुसऱ्या भागात कोणी हात खाली घ्यायला सांगत नाही आणि “माझ्या डोळ्यांत बघ” असंही म्हणत नाही. प्रश्न विचारल्यावर बाई पूर्ण दहा सेकंद थांबतात. ही दहा सेकंदं कापू नका, एडिटरला ती रिकामी वाटतील.

समावेशक_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन भागांची रचना आणि खोडरबरचा प्रसंग घेतोय. चौघे पाहत असताना बाकी वीस जणांना काय द्यावं? आणि चष्मेवाल्यांचं काय?

ओटी_ठाणे

चार हेडसेट, २४ जण, म्हणजे सहा फेऱ्या. घालणं-काढणं-पुसणं धरून फेरीला आठ मिनिटं, एकूण ४८. बाकीच्यांना तीन-तीनच्या गटाने खऱ्या वर्गांत पाठवा. फोनवरच्या डेसिबल अॅपने पंखा बंद-चालू, दार उघडं-बंद अशा नोंदी घ्यायच्या. अॅपचे आकडे तंतोतंत नसतात, पण दोन नोंदींमधला फरक कामाचा असतो. फोनच्या स्लो मोशनमध्ये ट्यूब आणि एलईडी बघायच्या. लुकलुकणारी लगेच सापडते. हेडसेट काढल्यावर “कसं वाटलं?” ऐवजी “तुमच्या वर्गात सोमवारी काय बदलाल?” एवढंच लिहून घ्या, खर्च आणि जबाबदार व्यक्तीच्या नावासकट.

चष्म्यासाठी क्वेस्ट २ सोबत आलेला स्पेसर बसवा, नाहीतर लेन्सवर चरे पडतात. लेन्सचं अंतर ५८, ६३, ६८ मिलिमीटर अशा तीन टप्प्यांत बदलतं. मधल्यापासून सुरू करा आणि धूसर दिसलं तरच बदला. चेहऱ्याला टेकणारा भाग सिलिकॉनचा घ्या आणि दर फेरीनंतर अल्कोहोल वाइपने पुसा. लेन्सला मात्र फक्त कोरडं मायक्रोफायबर. अर्धशिशी, अपस्मार किंवा कानाचा त्रास असेल का, हे आदल्या दिवशी खाजगीत विचारा. अशांना तेच दृश्य टीव्हीवर दाखवा. फिल्म चारही हेडसेटमध्ये आधीच उतरवून ठेवा, शाळेच्या वायफायवर चालवू नका. कोणी हात वर केला तर हेडसेट तत्काळ काढायचा. कारण विचारायचं नाही.