करवंदाला फळच धरत नाही, मदत हवी आहे

सड्यावरची
करवंदं लावून ४ वर्षं झाली, एकदाही धड फळ नाही. झाडं हिरवीगार आहेत, काटे तर असे की हात घालायची सोय नाही, पण फळाच्या नावाने शून्य. मुद्दाम देशी झुडूप लावलं की पाखरं येतील आणि घरापुरतं लोणचं होईल. मागच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, जाळ्या कुणी पाणी न घालता दर मे महिन्यात लगडतात आणि माझ्या कोऱ्याच. शेणखत, पाणी सगळं वेळच्या वेळी आहे. काय चुकतंय? जरा लवकर सांगा, घरचे म्हणतायत काढा आणि तारेचं कुंपण घाला.

माळरान
बियांची रोपं की कलमं? ऊन किती तास? आणि मुख्य म्हणजे फुलं येऊन गळतात की फुलंच येत नाहीत? हे दोन वेगळे आजार आहेत.

भाऊकाका
बियांचीच असणार. बियांच्या रोपाचा भरवसा नाही, एकाला चांगलं फळ तर शेजारच्याला आंबट बारीक. सरळ काढा आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण बोल्ड जात लावा. फळ मोठं, गर जास्त. माझ्याकडे आहे, मी सगळ्यांना हेच सांगतो.

रानमेवा
काका, ४ वर्षांचं जगलेलं झाड काढा असं कसं सांगता? त्यांना पाखरांसाठी पण हवंय. बुलबुल रानातलं बारीक करवंद अख्खं गिळतो आणि बी लांब नेऊन टाकतो, डोंगरातल्या निम्म्या जाळ्या पाखरांनीच लावल्यात. सगळे एकाच जातीची कलमं लावत बसलो तर ही रानातली विविधता राहणार कशी?

भाऊकाका
पाखरं मोठं फळ पण टोचून खातात. रोज बघतो मी.

सुगरण
लोणच्यासाठी करवंदं कच्ची, कडकच घ्या हं. धुऊन पूर्ण कोरडी करा, चिरून बिया काढा, चीक हाताला चिकटतो म्हणून आधी तेलाचा हात लावा. आणि कच्च्या फळात पेक्टिन भरपूर असतं त्यामुळे जेली पण छान जमते, थोडी पिकलेली मिसळली की रंग सुंदर येतो. प्रमाण हवं असेल तर देते.

सड्यावरची
सुगरणताई, फळ आलं की नक्की विचारेन. माळरान, रोपं नर्सरीतली आहेत, बियांचीच म्हणाला होता. ऊन दिवसभर. फुलं म्हणाल तर एखाददुसरा घोस, तोही आत खोडाजवळ. रत्नागिरीकडे आहे, जांभा दगड, पाणी साचत नाही. आणि हो, आत्ता पानांवर मोठे हिरवे सुरवंट आहेत, शेपटीकडे शिंग असलेले. त्यांच्यामुळे असेल का?

बागवेडा
निंबोळी तेल मारा, ५ मिली लिटरला. आठ दिवसांनी परत.

रानमेवा
अजिबात मारू नका!! तो शिंगवाला सुरवंट बहुतेक हॉकमॉथ पतंगाचा आहे, त्यातल्या एका जातीची अळी करवंदाच्याच पानांवर वाढते. चार पानं खाईल, झाड मरत नाही. शिवाय बुलबुल पिल्लांना अळ्याच भरवतो. पाखरं हवीत आणि अळ्या नकोत असं कसं चालेल?

बागवेडा
माझी दोन लहान रोपं अळ्यांनी पार उघडी केली होती म्हणून सांगितलं.

माळरान
लहान रोपावरच्या हाताने उचलून मोठ्या जाळीवर सोडा, झालं. मूळ प्रश्नाकडे या. खत आणि पाणी किती देताय? रानातल्या जाळीला पावसाळा संपला की ताण बसतो आणि मग फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं येतात. सारखं खतपाणी मिळालं की झाड नुसती पालवी काढत बसतं. मी पाणी तोडलं, दुसऱ्या वर्षी फरक दिसला.

भाऊकाका
मी हिवाळाभर पाणी देतो आणि फळ येतं. कलम आहे म्हणून.

जाळीवाली
एक विचारू का, हे करवंद कुंपण म्हणून लावलंय का? छाटता का?

सड्यावरची
हो, कुंपणच आहे, छाटायला तर लागतंच ना. दिवाळीनंतर एकदा आणि जानेवारीच्या शेवटी एकदा, माळी येऊन सरळ रेषेत कापून जातो. फार व्यवस्थित दिसतं.

जाळीवाली
अहो ताई मग फळ येणार कुठून! करवंदाचा फुलोरा फांद्यांच्या शेंड्यांना येतो. तुम्ही जानेवारीत नेमके तेच शेंडे कापून टाकताय, आत कात्री पोचत नाही तिथेच तुमचा एखाददुसरा घोस वाचतो. आमच्याकडे हेच झालं होतं, ३ वर्षं आम्ही मातीला दोष देत बसलो. छाटायचं तर फळं उतरली की लगेच, पावसाच्या तोंडावर. मग पावसाळ्यात नवी फूट येते आणि तिला पक्की व्हायला वेळ मिळतो. त्यानंतर कात्री लावायची नाही.

माळरान
हे पटलं. हे आधीच सांगितलं असतंत तर माझे दोन प्रतिसाद वाचले असते.

सड्यावरची
मला वाटलं कुंपण म्हणजे छाटणी आलीच, त्यात सांगण्यासारखं काय. माळी रविवारी येणार होता, आत्ताच फोन करून नको म्हणून सांगितलं. शेणखतही आता पावसाळ्याआधी एकदाच देईन. फक्त फाटकाकडची जाळी वाटेवर आलीय, काटे लागतात जाणाऱ्या-येणाऱ्यांना. तेवढी कापली तर चालेल ना?

जाळीवाली
तेवढी वाटेवरची बाजू कापा, बाकीला हात लावू नका. आणि जमलं तर मागची बाजू कायमची मोकळी सोडा, दाट जाळीत बुलबुल घरटं पण करतो.

भाऊकाका
फाटकाकडच्या रिकाम्या जागेत एक कोकण बोल्ड लावून बघा, जूनमध्ये.